काळ्या भुईचें पादत्राण : हिंगोली प्रांतांतील शिकारीचे जोडे

गेल्या माघांत कयाधूकांठच्या एका गांवीं जुन्या वाड्यांतील दप्तर पाहण्याचा योग आला. दप्तर म्हणून जें दाखविण्यांत आलें त्यांत वसुलाचे हिशेब, चार-दोन खरेदीखतें व वाळवीनें खाल्लेल्या वह्या यांपलीकडे विशेष कांहीं नव्हतें. संशोधकाच्या वांट्यास अशी निराशा नेहमींच येते. परंतु निघतांना घरधन्यानें माळवदाखालच्या कोठींतून एक गांठोडें काढून पुढें ठेवलें. त्यांत पादत्राणांचे दोन जोड होते. एक गुडघ्याच्या खालपर्यंत येणाऱ्या विलायती धर्तीच्या बुटांचा. दुसरा गांवच्या चर्मकारानें केलेल्या जाड तळव्याच्या वहाणांचा. "आमचे पणजोबा शिकारीचे शोकीन होते. छावणींतल्या साहेबांबरोबर जात. हे त्यांचे शिकारीचे बूट," असें घरधन्यानें अभिमानानें सांगितलें. वहाणांविषयीं तो कांहीं बोलला नाहीं. बूट कांचेच्या कपाटांत ठेवावयाचे असून वहाणा टाकून द्यावयाच्या आहेत, एवढें मात्र बोलण्याच्या ओघांत कळलें.

दोहोंपैकीं शिकारींत खरोखर कोणता जोड वापरला गेला, याविषयीं मला प्रथम शंकाच नव्हती. शिकार म्हटली कीं बूट, ही सांगड आपल्या मनांत पक्की बसलेली आहे. परंतु त्याच गांवांतील एक ऐंशीच्या घरांतले चर्मकार बाबा त्या वेळीं वाड्याच्या पायरीवर बसले होते. त्यांनीं बूट हातांत घेतला, उलटा केला, टांच दाबली, घोट्याजवळचें कातडें वांकवून पाहिलें आणि ते म्हणाले, "गुरुजी, हा जोडा बसला हाय, चालला न्हाई." मग त्यांनीं एकेक खूण दाखविली. तळव्याखालच्या लोखंडी खिळ्यांचीं डोकीं झिजलेलीं नव्हतीं. पायीं चालणाऱ्याच्या बुटाला चवड्यावर जी आडवी मोड पडते ती पडलेली नव्हती. मात्र पोटरीच्या आंतल्या अंगास कातडें घांसून गुळगुळीत झालेलें होतें. ती रिकिबीच्या पट्ट्याची घांसण. म्हणजे हे बूट घोड्यावर बसण्याचे. उलट वहाणांचा तळवा चवड्याखालीं निम्मा झिजलेला, टांचेच्या बाहेरच्या अंगास उतरलेला आणि अंगठ्याची खूण खोल उमटलेली. शिकारी गांवापासून रानापर्यंत बुटांत गेला आणि सावजामागें वहाणांत हिंडला, असा अर्थ त्या वृद्धानें लावला, व तो मला मान्य करावा लागला.

एवढ्यावरून सिद्धांत उभारणें धाडसाचें होईल, हें मी जाणतों. पण या प्रश्नास एका फार जुन्या ग्रंथाचा आधार मिळतो आणि तो आपल्या मातीशीं इतका निगडित आहे कीं, तो येथें सविस्तर देणें अवश्य वाटतें.

विनयपिटकांतील महावग्गांत चर्मस्कंधक नांवाचें एक प्रकरण आहे. त्यांत भिक्षूंनीं पायांत काय घालावें व काय घालूं नये याचा ऊहापोह आहे. चंपा नगरीचा सोण कोळिविस हा अत्यंत सुकुमार पायांचा श्रेष्ठिपुत्र भिक्षु झाल्यावर चंक्रमण करतांना त्याचे पाय रक्तबंबाळ झाले. तेव्हां बुद्धानें एकपदरी तळव्याचें पादत्राण वापरण्यास मोकळीक दिली. अनेकपदरी नव्या जोड्यांस मात्र मनाई केली. पुढें दुसरा एक सोण, कुटिकण्ण नांवाचा, अवन्ति-दक्षिणापथांतून श्रावस्तीस आला. आपला गुरु महाकात्यायन याच्या वतीनें त्यानें पांच सवलती मागितल्या. त्यांत एक अशी कीं, आमच्या प्रांतांत भुई वरून काळी, खडबडीत व गोकंटकांनीं भरलेली आहे, सबब तेथें अनेकपदरी जोडा वापरूं द्यावा. ही मागणी मान्य झाली.

अवन्ति-दक्षिणापथ म्हणजे हिंगोली नव्हे. तो माळव्याच्या अंगाचा प्रदेश, हें मी विसरत नाहीं. परंतु काळ्या फत्तराची ही काळी भुई माळव्यापासून गोदावरीपर्यंत जवळजवळ अखंड पसरली आहे. अडीच हजार वर्षांपूर्वींच्या परंपरेंत आपल्या जमिनीचा रंग व तिचा पायांस होणारा त्रास यांची नोंद एका धर्मसंघाच्या नियमांत व्हावी, आणि त्या जमिनीपुरता नियमच बदलावा, ही गोष्ट मराठी वाचकांस क्वचितच ठाऊक असते.

आतां हा 'गोकंटक' कोणता? संस्कृत वैद्यकाच्या निघंटूंत गोकण्टक म्हणजे गोक्षुर, म्हणजे आपला सराटा. मीही प्रथम हाच अर्थ धरला होता, व कोश पाहणारा कोणीही तोच धरील. परंतु समन्तपासादिका या टीकेंत बुद्धघोषाचार्यांनीं निराळा अर्थ दिला आहे. गुरांच्या खुरांनीं तुडविलेल्या भुईंतून वर उठलेले ते गोकंटक, आणि ते इतके कठीण कीं, एकपदरी जोडा त्यांपुढें टिकत नाहीं, असें ते म्हणतात. ज्यानें हिंगोली-कळमनुरीकडील शिवारांत मार्गशीर्षांत पाय टाकला आहे त्यास हें समजावून द्यावें लागत नाहीं. पावसाळ्यांत गुरें काळ्या चिखलांतून जातात, खुरांच्या खड्ड्यांभोंवतीं चिखलाचे कांठ उठतात, आणि कार्तिकापर्यंत ते वाळून दगडासारखे धारदार होतात. त्यांवर अनवाणी चालणें म्हणजे फुटक्या खापरांवर चालणें. सराटा काय, तो वाळवंटांतही असतो. काळ्या भुईचा म्हणून मुद्दाम उल्लेख करावा असें त्यांत कांहीं नाहीं. सबब टीकाकाराचाच अर्थ मला ग्राह्य वाटतो, जरी कोश दुसरीकडे बोट दाखवीत असला तरी.

त्याच टीकेंत अनेकपदरी जोडा म्हणजे चार पदरांपासून पुढें, असा खुलासा आहे. वाड्यांतील वहाणांचे पदर मीं त्या वृद्धाकडून मोजवून घेतले. चवड्याखालीं चार, टांचेखालीं पांच. यास मी योगायोगच समजतों. तथापि जमीन तीच राहिली तर तोडगाही तोच निघावा यांत नवल नाहीं.

बुटाविषयींही त्या प्रकरणांत एक शब्द सांपडतो. भिक्षूंस निषिद्ध ठरविलेल्या जोड्यांत 'पुटबद्ध' म्हणून एक प्रकार आहे. बुद्धघोष त्याचा अर्थ योनकांचें पादत्राण, म्हणजे सगळें पाऊल झांकून पोटरीपर्यंत येणारें, असा देतात. इसवी सनाच्या पांचव्या शतकांत बूट हा योनकांचा, म्हणजे परकीयांचा, म्हणून ओळखला जात होता. बृहत्संहितेंत वराहमिहिरानें सूर्यप्रतिमेस उदीच्यवेष सांगितला आहे व पायांपासून छातीपर्यंत अंग झांकावें असें म्हटलें आहे. त्यास अनुसरून उत्तर हिंदुस्थानांतील सूर्यमूर्तींच्या पायांत उंच बूट असतात. मथुरेजवळील माट येथें सांपडलेल्या कनिष्काच्या मस्तकहीन पुतळ्याचे जड बूट तर प्रसिद्धच आहेत. दक्षिणेकडील सूर्य बहुधा अनवाणी असतो. देव एकच, पण काळ्या भुईवर उतरतांना त्यानेंही बूट काढून ठेवलेले दिसतात!

शब्दांचा पुरावाही याच्याशीं जुळतो. वहाण हा शब्द उपानह् पासून प्राकृताच्या मार्गानें आला; पायतण हें पादत्राणाचें रूप. मोची व मोजा हे मूळचे इराणी, पायपोस, पैजार हे फारशी, बूट इंग्रजी. सर्व बाजूंनीं बंद असा जोडा व त्याचीं नांवें बहुतेक बाहेरून आलीं. तळव्यानें राखून वरून उघडें ठेवणाऱ्या पादत्राणाचें नांव घरचें राहिलें. शिकारीचेंही तसेंच आहे. 'शिकार' फारशी, 'पारध' आपली. संस्कृत कोशकारांनीं तिलाच 'पापर्द्धि' असें रूप देऊन पापाची भरभराट असा अर्थ त्यांत बसविला. व्युत्पत्ति म्हणून तो खटाटोप फोल असला तरी कोशकारांचें मत त्यावरून कळतें.

पारध आणि पादत्राण यांची गांठ आपल्याकडे फार जुनी आहे. शतपथ ब्राह्मणांत राजसूयाच्या प्रसंगीं राजानें वराहचर्माचे जोडे घालावेत असें सांगितलें आहे. तैत्तिरीय संहितेंत काळविटाच्या कातड्याचे जोडे येतात. दोन्ही जनावरें रानांतलीं. महाभारताच्या अनुशासनपर्वांत तर पादत्राणाची उत्पत्तिच नेमबाजींतून सांगितली आहे. जमदग्नि बाण सोडीत आहेत आणि रेणुका ते गोळा करून आणीत आहे. ज्येष्ठाचें ऊन, मध्यान्हाची वेळ. डोकें व पाय भाजूं लागल्यामुळें ती क्षणभर झाडाखालीं थांबते. उशीर कां झाला हें कळतांच ऋषि सूर्यावरच बाण रोखतात, आणि सूर्य ब्राह्मणवेषानें येऊन छत्र व चामड्याचे जोडे देऊन त्यांस शांत करतो. त्या रेणुकेचें ठाणें माहूर आपल्या हिंगोलीपासून दूर नाहीं. बाण सोडणारा जागेवर, आणि तापल्या भुईवरून बाण आणणारी अनवाणी. ही वांटणी कथेंत सहज येऊन जाते. तिचा विचार पुढें करावयाचा आहे.

पादत्राणाची निवड कशी करावी याविषयीं पाणिनीचें एक सूत्र मला फार आवडतें. 'अनुपदीना' हा शब्द त्यानें सिद्ध केला आहे. पावलाच्या मापानें बांधलेली ती अनुपदीना. म्हणजे आयता जोडा घेऊन पाय त्यांत बसवावयाचा नाहीं, जोडा पायास बसवावयाचा. वर सांगितलेल्या चर्मकार बाबांस पाणिनीचें नांव ठाऊक असण्याचें कारण नाहीं, पण त्यांचें म्हणणें अक्षरशः हेंच होतें. माप तिसऱ्या प्रहरानंतर घ्यावें, कारण सकाळचें पाऊल बारीक असतें. दोन्ही पायांचें घ्यावें, कारण दोन पाय सारखे नसतात. तळव्यास म्हशीचें कातडें, वरच्या पट्ट्यास बैलाचें किंवा शेळीचें. कातडें वांकवून पाहावें. मोडीवर पांढरी रेघ उमटली तर तें कोरडें. हुंगून पाहावें, नीट कमावलेल्या कातड्यास बाभळीच्या सालीचा वा हिरड्याचा वास येतो, कच्च्या कातड्यास मढ्याचा. शिवण सुताची नको, वादीची हवी. सूत चिखलांत कुजतें, वादी फुगून भोंक बुजविते. खिळा तर नकोच. काळ्या दगडावर खिळा वाजला कीं हरीण गेलें.

वाजण्याचा मुद्दा त्यांनीं पुन्हा पुन्हा सांगितला. तळव्याच्या पदरांत बी घालून वहाण करकर वाजती करण्याची हौस महाराष्ट्रांत जुनी आहे. गांवांत ती ऐट, आणि रानांत तोच दोष. म्हणून शिकारीची वहाण निराळी करीत. पदर एकमेकांवर घांसूं नयेत म्हणून तेल पाजून दाबून बसवीत, आणि टांच पातळ ठेवीत, कारण शिकारी चवड्यावर चालतो.

निगेविषयीं त्यांनीं सांगितलेलें येथें नोंदवून ठेवतों, कारण तें सांगणारे आतां फार थोडे उरले आहेत. नव्या वहाणेस एरंडेल पाजावें, तें एकदम नव्हे. तीन-चार दिवस थोडें थोडें, खालच्या बाजूनें. भिजलेली वहाण चुलीजवळ किंवा उन्हांत कधीं वाळवूं नये. कातडें वरून वाळतें, आंतून कुजतें आणि मग तडकतें. चिखल ओला असतांना खरवडूं नये, सुकल्यावर झाडावा. पावसाळ्यांत भिंतीच्या खुंटीस टांगावी, जमिनीवर ठेवूं नये. उंदरास तेलाचें कातडें आवडतें. बुरशी आल्यास कोरड्या फडक्यानें पुसून पुन्हा तेल द्यावें. भर पावसांत घालूंच नये, हातांत घ्यावी. काळी माती तळव्यास धरली कीं पावलागणिक शेर शेर ओझें वाढतें, आणि पाय सोडविण्याच्या धडपडींत अंगठा तुटतो.

वाड्यांतील बुटांची निगा मात्र कोणीं केलेली दिसली नाहीं. ते आंतून कडक होऊन पोटरीवर उभे चिरले होते. याचें कारण आळस नसावें. तेल किती, कोणतें, कोठें द्यावें हें त्या जोड्याबरोबर आलें नव्हतें.

आतां छावणीकडे वळूं. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १९९९ सालीं झाला; त्यापूर्वीं तो परभणी जिल्ह्याचा भाग व त्याआधीं निजामाच्या राज्यांत. एकोणिसाव्या शतकांत हैदराबाद कंटिंजंट नांवाच्या, निजामाच्या खर्चानें व इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकुमतीखालीं चालणाऱ्या फौजेचें हिंगोली हें एक मुख्य ठाणें होतें. १९०३ सालीं ती फौज हिंदी सैन्यांत विलीन झाली व छावणी उठली. छावणीच्या बाजाराविषयीं मेडोज टेलरनें आपल्या १८३९ च्या ठगांवरील कादंबरीच्या प्रस्तावनेंत एक गोष्ट लिहून ठेवली आहे. ज्या हरिसिंग नांवाच्या प्रतिष्ठित व्यापाऱ्याशीं तो व इतर अधिकारी रोजचा व्यवहार करीत, तोच या भागांतील ठगांचा म्होरक्या निघाला. खून केलेल्या व्यापाऱ्याचें कापड त्यानें सरकारी परवान्यावर आणून छावणींत उघडपणें विकलें होतें. बाजारांत माणूस ओळखणें जोडा ओळखण्याहून कठीण, एवढेंच यावर म्हणावें.

अशा छावण्यांच्या बाजारांत मोची व जिनगर असत. विलायती बूट पाहून तसा बूट करणें त्यांना अवघड नव्हतें. परंतु गंमत अशी कीं, इंग्रज शिकाऱ्यांस स्वतःस या देशांत आपला जड बूट नकोसा झाला. त्यांच्या शिकारग्रंथांत सांबराच्या कातड्याच्या मऊ जोड्यांची शिफारस वारंवार येते, कारण त्यांचा आवाज होत नाहीं. पुढें रबरी तळव्याचे हलके जोडे आले. कुमाऊंतील नरभक्षकांचा मागोवा घेणारा जिम कॉर्बेट तसेच वापरी. पायास गुंडाळावयाची पट्टी तर त्यांनीं आपल्याकडूनच घेतली व तिचें नांवही तसेंच ठेवलें. तिच्यांत एक दोष होता. आपल्या माळावरील कुसळें लोकरींत एकदां घुसलीं कीं बाहेर निघत नाहींत, उलट आंत आंत जातात. उघड्या पोटरीवरचें कुसळ हातानें झाडतां येतें. बुटाच्या बाजूनेंही न्याय केला पाहिजे. फुरसें व घोणस घोट्याजवळ डसतात, आणि तेथें वहाण कांहीं करूं शकत नाहीं. गवताळ ओढ्यांत रात्रीं उतरावयाचें तर मी स्वतः बूट पसंत करीन.

मग बूट कां टिकला? तो रानासाठीं टिकला असें मला वाटत नाहीं. तो दरबारासाठीं टिकला. निजामाच्या दरबारांत इंग्रज रेसिडेंट जोडे काढून जमिनीवर बसत असे. १८६९ सालीं बाल निजाम मीर महबूब अली गादीवर आला तेव्हां रेसिडेंटानें बूट न काढतां खुर्चीवर बसण्याचा आग्रह धरला व तो मान्य करून घेतला. पायांत बूट राहणें हें त्या दिवसापासून या राज्यांत सत्तेचें उघड चिन्ह झालें. वाड्यांतील पणजोबांनीं घोड्यावरून गांवाबाहेर पडतांना कोणता जोड घातला व झाडींत शिरतांना कोणता, यांतील भेद मला याच गोष्टीवरून उमगतो.

याला दुसरी बाजू आहे. शिकार एकट्यानें होत नसे. हाका घालण्यास पन्नास-शंभर माणसें लागत, आणि तीं बहुधा वेठीनें आणलेलीं असत. निजामी राज्यांतील वेठबेगारीच्या वर्णनांत, विशेषतः तेलंगणांतील, चर्मकारांकडून अधिकाऱ्यांसाठीं जोडे फुकट घेतल्याचें येतें. म्हणजे ज्याच्या पायांत चार पदर होते त्यानें त्यांचें मोलही दिलेलें नसे. हाकारे बाभळीबोरींच्या कांट्यांतून अनवाणी धांवत. ज्या कागदांसाठीं मी त्या गांवीं गेलों होतों त्यांत शिकारीचा एक शब्द नाहीं, हाकाऱ्यांचा नाहीं, जोडा करणाऱ्याचाही नाहीं. चर्मकार बाबांस मीं विचारलें कीं, या वहाणा तुमच्याच घरांतील कोणी केल्या असतील काय? त्यांनीं शिवणीवरून बोट फिरविलें व म्हणाले, "आमच्या आज्याचा हात हाय ह्यो." मग, थोडें थांबून, "पर आजा ह्या पायरीम्होरं जोडा घालून आला न्हाई कंदी. काढून काखंत धरायचा." ते ज्या पायरीवर बसले होते तीच ती पायरी. घरधनी जवळच उभा होता. त्यानें विषय बदलला.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा शौक कायदेशीर राहिला नाहीं, व तें योग्यच झालें. सांबराच्या कातड्याचा जोडा आतां कोणी करूं शकत नाहीं आणि करूं नये. पैनगंगेच्या बाजूच्या टेकड्यांत क्वचित बिबट्याचा माग दिसतो, शेतांत रोही व डुकरें पुष्कळ. त्यांना हुसकण्यास रात्रीं जाणारे शेतकरी प्लास्टिकचे बूट घालतात. त्यांची निगा करावी लागत नाहीं, पण वैशाखांत त्यांत पाय शिजतो.

त्या वहाणा घरधन्यानें मला दिल्या. टाकावयाच्याच होत्या, तेव्हां त्यास आनंदच झाला. दोनदां एरंडेल पाजून मीं त्या खुंटीस टांगून ठेवल्या आहेत. डाव्या पायाचा अंगठा तुटण्याच्या बेतांत होता, तो चर्मकार बाबांनीं नव्या वादीनें बांधून दिला व पैसे घेतले नाहींत. दुरुस्ती कोणती व मूळचें कोणतें हें पाहणाऱ्यास कळावें म्हणून ती वादी न रंगवितां कोरीच ठेवविली आहे. मंडळाच्या संग्रहास हव्या असल्यास पाठवून देईन. मात्र बूटही मिळवावेत, कारण एक जोड दुसऱ्यावांचून कळत नाहीं. घरधनी बूट देण्यास अद्यापि तयार नाहीं.